पेटीवरचे साल

चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर, एका दुकानाच्या पायरीवर लाकडी पेटी ठेवलेली होती आणि तिच्यावर ग्रामोफोनच्या तबकड्यांचा ढीग होता. दुकानदाराने तबकड्या उचलून बाजूला केल्या, फडक्याने झाकण पुसले आणि अभिमानाने सांगितले, ‘‘चवालीस का माल है साहब, डॉकयार्ड के धमाकेवाला.’’ झाकणाच्या मधोमध, काळ्या रंगात, चांगले वीतभर लांबीचे १९४४ हे साल स्टेन्सिलने उमटवलेले होते. दोन्ही टोकांना दोराच्या मुठी, कडेने लोखंडी पट्ट्या, फिकट हिरवा रंग आणि जागोजाग निघालेल्या त्याच्या खपल्या. पेटी दिसायला देखणी होती यात शंका नाही. मी ती घेतली नाही, पण त्या सालाने माझी पाठही सोडली नाही. लष्कराच्या दारूगोळ्याच्या पेटीवर साल इतके मोठे कशाला असेल? भांडारात काम करणाऱ्याला आत काय आहे, किती आहे आणि ते कोणत्या लॉटचे, म्हणजे कोणत्या खेपेचे आहे हे आधी कळायला हवे. सालाला त्या ओळींच्या शेवटी, बारीक अक्षरांत जागा मिळते. पेटीवर सर्वात मोठे अक्षर सालाचेच असेल, तर ते गिऱ्हाइकासाठी लिहिलेले आहे असे खुशाल समजावे.

मुंबईत मात्र १९४४ या आकड्याला वेगळेच वजन आहे. १४ एप्रिलच्या त्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके शेजारी शेजारी भरलेली होती, कापसाने पेट घेतला आणि चार वाजून गेल्यावर लागोपाठ दोन स्फोट झाले. आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यात गेले. अग्निशमन सेवा सप्ताह आपण अजूनही १४ एप्रिललाच सुरू करतो. माझ्या आजीकडे या दिवसाच्या गोष्टींचा मोठा साठा होता. भिंतीवरचे देवांचे फोटो कसे खाली आले, मशीद बंदराकडचे आकाश रात्रभर कसे तांबडे होते, आणि एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून सोन्याची वीट कशी आत पडली व त्याने ती कशी परत केली. ही शेवटची गोष्ट ती दर वेळी आवाज थोडा खाली आणून सांगायची. त्यामुळे या शहरात चाळीसच्या दशकातली कोणतीही लष्करी वस्तू दिसली की ती आपोआप त्या स्फोटाला जाऊन चिकटते, हे मी समजू शकतो. पण जे जहाज तुकडे होऊन गोदीभर उडाले, त्याच्या पोटातली लाकडी पेटी मुठींच्या दोरासकट शाबूत राहिली, हे मानायला भक्तीच हवी. शिवाय त्याची गरजही नाही. युद्धाची सगळी वर्षे मुंबई बंदरातून दारूगोळा येत-जात होता, आणि युद्ध संपल्यावर उरलेल्या सामानाचे ढीगच्या ढीग लिलावात निघाले. खरी जुनी पेटी मुंबईत सापडण्यासाठी कोणत्याही धमाक्याची आवश्यकता नव्हती.

‘डिस्पोजलचा माल’ हे शब्द आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आलो. आजोबा लालबागच्या गिरणीत होते आणि त्यांचा ओव्हरकोट डिस्पोजलचा, घोंगडी डिस्पोजलची, खाटेखालची पेटीही डिस्पोजलची. त्या पेटीत तांदूळ असे. लाकडाच्या आत कल्हईच्या पत्र्याचे अस्तर होते आणि त्याचे सांधे डाग देऊन इतके पक्के बंद केलेले होते की पावसाळ्यात चाळीत सगळीकडे ओल चढली तरी त्या तांदळाला कधी वास लागला नाही आणि उंदरांनाही कधी वाट सापडली नाही. झाकण उघडले की आधी गंजाचा, मग जुन्या तेलाचा आणि शेवटी कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास येई. मुठींचा दोर हातांच्या घामाने काळा आणि गुळगुळीत झालेला होता. ती पेटी गोळ्यांची आहे हे मला बरेच मोठे झाल्यावर कळले, आणि तेव्हाही वाटले ते भय नव्हे, किंचित खट्टूपणा. कारण तोवर मी ती तांदळाचीच समजत होतो.

हे कळले ते शेजाऱ्यांच्या व्याह्यांमुळे. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले होते. कारखाना १८६९ पासूनचा आहे, आणि हे सांगताना त्यांचा स्वर असा असे की जणू त्यांनीच त्याची पायाभरणी केली. आजीने तांदूळ काढून चादरीवर ओतून ठेवले होते, पेटी उन्हात टाकली होती, आणि व्याही चहाचा कप हातात घेऊन तिच्याभोवती फिरत होते. मी त्यांना झाकणावरची अक्षरे दाखवू लागलो तर ते म्हणाले, ‘‘रंग मागाहून वाच रे बाळा, आधी लाकूड बघ.’’ आणि त्यांनी पेटी आडवी करून कोपऱ्यावर बोट ठेवले.

कोपरा पुष्कळ सांगतो. जुन्या, सावकाश बनवलेल्या पेट्यांना डव्हटेल सांधे असतात. पाचरीच्या आकाराच्या खाचा एकमेकींत अशा बसतात की ओढून निघत नाहीत. पुढे कामाचा रेटा वाढला तेव्हा यंत्रावर एकसारख्या कापलेल्या सरळ खाचा आल्या, आणि युद्धाच्या घाईत तर कितीतरी ठिकाणी फळीवर फळी ठेवून खिळे मारणे एवढेच उरले. कोपऱ्यानंतर फळीचा आतला, रंग न लागलेला भाग पाहावा. मोठ्या गोल करवतीचे दात लाकडावर कमानीसारखे चरे सोडतात, सरळ चालणाऱ्या करवतीचे चरे समांतर असतात. मग स्क्रू. एकाच आडव्या खाचेचे स्क्रू कोणत्याही काळातले असू शकतात, परंतु चौफुलीसारख्या खाचेचे स्क्रू अमेरिकेत बाजारात आले तेच १९३६ च्या सुमारास. त्यामुळे पहिल्या महायुद्धातली म्हणून दाखवलेल्या पेटीला मूळचा म्हणून असा स्क्रू बसवलेला असेल तर पुढचे ऐकायची गरज नाही. ‘मूळचा म्हणून’ हे दोन शब्द मात्र विसरू नयेत, कारण स्क्रू कोणीही बदलतो. भोक जुने आणि स्क्रू नवा असेल तर त्याच्या कडेला लाकूड कुजून काळे पडलेले दिसते आणि स्क्रू लखलखीत दिसतो.

लोखंडाऐवजी तांबे-पितळ दिसले तर आणखी मागे जावे. जिथे सुटी दारू हाताळली जाई तिथे लोखंडावर लोखंड घासून ठिणगी पडू नये म्हणून तांब्याच्या पट्ट्या आणि पितळी स्क्रू वापरत. मार्टिनी-हेन्री रायफलीच्या काळातल्या इंग्रजी पेट्यांना तांब्याच्या पट्ट्या होत्या आणि झाकणाच्या मधला पाचरीसारखा सरकता तुकडा एकाच पितळी स्क्रूने धरलेला असे. दक्षिण आफ्रिकेत इसांडल्वाना येथे २२ जानेवारी १८७९ रोजी झुलूंनी इंग्रजी तुकडीचा धुव्वा उडवला, तेव्हा पेट्या वेळेत उघडता आल्या नाहीत म्हणून हार झाली अशी कथा नंतर पसरली. ती टिकत नाही. त्या सरकत्या तुकड्याच्या कडेवर बंदुकीच्या दस्त्याचा एक जोरदार ठोसा बसला की स्क्रू वाकून तो निघत असे, आणि रणभूमीवरच्या उत्खननात असे वाकलेले स्क्रू सापडलेही. पराभवाचे खापर सुताराच्या डोक्यावर फोडणे किती सोयीचे असते, हे या कथेच्या आयुष्यमानावरून कळते.

लाकूड वाचून झाल्यावर मग रंगाकडे आणि ठशांकडे यावे. सर्वात ओळखीची खूण म्हणजे तीन रेघांचा तो बाण. ब्रिटिश सरकारी मालमत्तेचे ते चिन्ह. ते बेकायदा वापरणे किंवा पुसणे हा १८७५ च्या कायद्याने गुन्हा होता. बाणाखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा, ‘सी’ या अक्षराच्या पोटात बाण असेल तर कॅनडाचा, दोन ‘डी’ अक्षरांच्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलियाचा. आमच्या तांदळाच्या पेटीच्या टोकाला दोन बाण होते, टोकाला टोक भिडवून उभे. मी त्याला तारा समजत असे. व्याह्यांनी सांगितले की ही सरकारने सोडल्याची खूण: वस्तू सेवेतून बाद झाली, विकली, आता तुमची. दोन बाण असे एकमेकांसमोर आले की मालकी संपली. आजोबांनी ती पेटी चोरून आणलेली नव्हती याचा एवढा स्वच्छ पुरावा घरातच होता आणि आजीला तो ठाऊक नव्हता. तिने तो ऐकल्यावर पदराने ती जागा पुसली, आणि पुढे आल्यागेल्याला ती मुद्दाम दाखवू लागली.

यानंतर गोळीचे नाव. ‘थ्री नॉट थ्री’ वाचले की आपल्याला लगेच महायुद्ध आठवते, पण ही गोळी आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके पोलिसांच्या खांद्यावर होती, त्यामुळे नुसत्या नावावरून काळ ठरत नाही. मार्क सात ही तिची नेहमीची जात १९१० पासूनची. मार्कचा आकडा कसा लिहिला आहे ते पाहावे: जुन्या पद्धतीत तो रोमन असे, आणि दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा ब्रिटिशांनी साधे आकडे स्वीकारले. आकड्यापुढे ‘झेड’ असेल तर आतली दारू कॉर्डाइट नसून नायट्रोसेल्युलोजची. याउलट पेटीवर ७.६२ मिलिमीटर नाटो असे असेल, किंवा वर्तुळातल्या फुलीची नाटोची खूण असेल, तर पेटी १९५४ च्या अलीकडची, कारण ती गोळी प्रमाण म्हणून ठरलीच त्या वर्षी. केशरी रंगाच्या, कोपऱ्यावर उभ्या चौकोनात १.४ एस असे लिहिलेले असेल तर ते संयुक्त राष्ट्रांचे धोक्याचे वर्गीकरण, म्हणजे युद्धानंतरचे. आणि भारतीय पेटीसाठी एक देशी कसोटी आहे, जी परदेशी पुस्तकांत मिळायची नाही: वजन कशात लिहिले आहे? मापांचा कायदा १९५६ चा. १९५८ पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने आले आणि १९६२ पर्यंत पौंड-शेर हद्दपार झाले. लष्करात थोडे मागेपुढे झाले असेल, पण एकूण वजन किलोत लिहिलेली भारतीय पेटी इंग्रजी अमदानीतली असू शकत नाही.

आता सालाचा खरा घोटाळा. एकाच पेटीवर दोन-तीन वेगवेगळी साले प्रामाणिकपणे असू शकतात. लाकडात ठोकून उठवलेले साल बहुधा पेटी बनवल्याचे. रंगाने लिहिलेले गोळ्या भरल्याचे. कागदी चिठ्ठीवरचे तपासणीचे किंवा पुन्हा भरल्याचे. चांगली पेटी कोणी एकदा वापरून फेकत नसे. ती रिकामी परत येई, तपासली जाई, जुन्या अक्षरांवर रंगाचा हात फिरे आणि नवे लॉट तिच्यात जाई. त्यामुळे ‘ही पेटी कधीची?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी विचारावे लागते की पेटी म्हणजे नेमके काय: फळ्या, की रंग, की आत भरलेला माल? फळ्या १९४१ च्या, शेवटची भरणी १९५१ ची, हे संपूर्ण शक्य आहे. तिरप्या उजेडात, संध्याकाळी खिडकीशी पेटी धरली तर वरच्या रंगाखालून आधीच्या अक्षरांच्या कडा फुगून आलेल्या दिसतात. आमच्या पेटीच्या झाकणावर मी अशीच एक ओळ बोटाने वाचली होती. डोळ्यांना ती दिसतच नव्हती.

चोरबाजारातल्या त्या पेटीपाशी मी पुन्हा गेलो तो एका शुक्रवारी. दुकानदाराला चहा पाजून मी ती उलटी करायची परवानगी काढली. तळाच्या मधल्या फळीवर, भाजून उठवलेला, आगपेटीएवढा एक शिक्का होता: गव्हाची ओंबी, शेजारी इंग्रजी आद्याक्षरे, देशाचा दोन अक्षरी संकेत, एक क्रमांक आणि ‘एचटी’. परदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्यांवर आणि पॅलेटवर हा शिक्का असतो. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून ते ठरावीक तापमानाला तापवल्याची ती ग्वाही, आणि तो आंतरराष्ट्रीय नियम २००२ मधला. न्हावाशेवाच्या परिसरात असले लाकूड वाटेल तेवढे मिळते. अर्थात तळाची फळी मागाहून बदललेली असू शकते, म्हणून मी बाजूच्या फळ्याही पाहिल्या. त्या फळ्यांच्या आतल्या बाजूला तेच पिवळट पाईन, तोच ताज्या राळेचा वास, आणि खिळ्यांच्या डोक्यांवर गंजाऐवजी गंजासारखा रंग. मुठींचा दोरही स्वच्छ होता. शेकडो हातांनी उचललेला दोर असा दिसत नाही.

मी हे दुकानदाराला सांगितले नाही. तो ते जाणत होता असेच मला वाटते, आणि त्याने पेटी उलटी करू दिली यातच त्याचा एक प्रकारचा खरेपणा होता.

मला चीड येण्याऐवजी थोडे कौतुकच वाटले हे कबूल करायला हवे. कोणीतरी नवे लाकूड घेऊन, त्याला मार देऊन, रंग घासून एक बऱ्यापैकी पेटी उभी केली होती. पेटी म्हणून तिच्यात काही खोट नव्हती; खोटे होते ते फक्त चार आकडे. हीच पेटी नुसती पेटी म्हणून विकली असती तर मी कदाचित ती घेतलीही असती. माझी तक्रार बनावट मालाविषयी नाही. ती आहे खऱ्या मालाचे जे चालले आहे त्याविषयी, आणि ते पाहायला चोरबाजारापेक्षा ओशिवऱ्याला जावे लागते.

ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात, मागच्या गल्लीत, कॅफे आणि स्टुडिओंसाठी टीपॉय बनवणारे कारागीर बसतात. तिथे भंगारातून येणाऱ्या खऱ्या लष्करी पेट्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक महायुद्धातल्या नसतात. १९६२ नंतर आपल्याकडे दारूगोळ्याचे उत्पादन वाढवले गेले, वरणगावचा कारखाना १९६४ चा. त्या पुढच्या काळातल्या या पेट्या, वजन किलोत, अक्षरे कधी हिंदीत. कधी रशियन बनावटीचीही एखादी येते: गर्द हिरवी, रशियन अक्षरांची, जिच्यात रायफलीच्या ८८० गोळ्या पत्र्याच्या दोन बंद डब्यांत अर्ध्या-अर्ध्या भरलेल्या असत, आणि बाहेर डबा फोडायच्या सुरीची लहानशी आकृती रंगवलेली, म्हणजे ज्या पेटीत सुरी आहे ती कोणती हे आघाडीवर शोधत बसायला नको. त्या आकृतीकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. पुढे आघाडीवर कोणीतरी थंडीत, हातमोजे घालून, घाईत असेल याचा विचार कारखान्यात बसलेल्या माणसाने केलेला होता. भारतीय पेटीवर एका टोकाला तपासणीची कागदी चिठ्ठी होती, अर्धी फाटलेली, शाई जांभळी पडलेली, आणि तपासनिसाची सही. पासष्ट आणि एकाहत्तर या दोन्ही सालांच्या आसपासची पेटी, पण ही साले आपल्या टीपॉयच्या बाजारात चालत नाहीत.

कारागीर तरुण होता, तोंडाला रुमाल नव्हता, आणि तो पॉलिश पेपरने त्या पेटीची बाजू घासत होता. जुन्या लष्करी रंगात शिसे असू शकते, ही भुकटी छातीत जाऊ देऊ नये, ओल्या फडक्याने घास आणि तोंड बांध, असे मी त्याला सांगितले. पेटीत कधी जिवंत काडतूस निघाले तर हात न लावता पोलिसांना कळवायचे, रिकामी पेटी बाळगायला परवाना लागत नाही पण गोळीला १९५९ चा शस्त्र कायदा लागतो, हेही सांगितले. त्याने हसून मान डोलावली आणि खिशातला रुमाल काढून बांधला. मग मी विचारले की ही अक्षरे तशीच ठेवली तर काय बिघडेल. त्याने हातातला कागद झटकला आणि शांतपणे समजावून सांगितले की किलो आणि हिंदी दिसले की गिऱ्हाईक म्हणते ही तर रेशनच्या दुकानातली पेटी. एक कोट काढायचा, वर हलका हिरवा मारायचा आणि मग स्टेन्सिल. स्टेन्सिलचा पत्रा भिंतीला टेकवून ठेवलेला होता. चिठ्ठीचे तेवढे राहू दे, असे मी म्हणालो तेव्हा त्याने ती नखाने उचकटून माझ्या हातात दिली, कारण त्याला ती काढायचीच होती. आणि पुन्हा अशा निघाल्या तर फेकण्याऐवजी एका डब्यात टाकून ठेवीन, तुम्ही येऊन घेऊन जा, असे म्हणाला. मात्र कोणती चिठ्ठी कोणत्या पेटीची, हे लक्षात ठेवायला त्याला वेळ नाही.